डाव्या मनगटाचं दीड वर्ष

पहिली कळ आली तेव्हा माझा डावा हात कोपरापर्यंत एका गाईच्या पोटात होता.

मी पशुधन पर्यवेक्षक. लोक आम्हाला ढोरांचा डॉक्टर म्हणतात, पण खरे डॉक्टर म्हणजे आमचे साहेब, आम्ही त्यांच्या हाताखालचे. वस्त्यावस्त्यांवर जाऊन गाई भरवणं, लसी टोचणं, अडलेली गाय सोडवणं हे आमचं काम. गाय भरवायची म्हणजे डाव्या हातात खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवायचा, शेणाच्या वाटेनं हात आत घालायचा, गर्भाशयाचं तोंड चिमटीत धरायचं आणि उजव्या हातातली वळूच्या वीर्याची नळी त्यात सरकवायची. दिवसाला अशा पाच-सहा गाई व्हायच्या. या कामात डोळ्यांचा उपयोग नसतो. आत काय आहे ते डाव्या हातालाच कळतं.

ब्याण्णवची दिवाळी नुकतीच झाली होती. अंथुर्ण्याजवळच्या एका वस्तीवर गाय खोड्यात उभी होती, हात आत होता, आणि मनगटात कुणी दाभण खुपसावा तशी कळ उठली. चिमूट सुटली. हात बाहेर काढून मी नुसताच उभा राहिलो.

"काय झालं, डॉक्टर? गाय माजावर न्हाय का?" मालकानं विचारलं.

"हाय. हात अवघडला जरा," मी म्हणालो आणि पुन्हा हात घातला. काम झालं. पण घरी येताना मोटारसायकलचा क्लच दाबताना दर वेळी दात आवळावे लागत होते.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो. हात दुखणं हे माझ्या हिशेबी आजारपण नव्हतं. गाय हिसडा देते, हात पिरगळतो, चार दिवसांनी उतरतो. चार दिवसांचे सहा महिने झाले. त्यानंतर जे घडलं ते मी आज लिहितो आहे, कारण त्या सहा महिन्यांत मी ज्या चुका केल्या त्या माझ्यासारखा कामाचा माणूस अजूनही करतो. आणि शहाणा म्हणवणारा तर जास्तच करतो.

माझी अक्कल

आधी हळद-तुरटीचा लेप लावला. मग गरम पट्टा बांधला. इंदापुरात एका ओळखीच्या दुकानदारानं दिलेल्या गोळ्या घेतल्या. सूज उतरायची आणि परत यायची. ती सूज मार लागलेल्या हातासारखी काळीनिळी नव्हती. पिठाच्या गोळ्यासारखी मऊ होती. तिथं बोट दाबलं की दुखायचं, पण फार नाही. अंगठा आणि बोटं हलत होती, मूठ मात्र घट्ट वळत नव्हती. माझी बायको सुमन एकदा म्हणाली, "अवो, तुमचा हा हात वाळत चाललाय. कोपराच्या खाली बघा." मी बघितलं आणि बाही खाली केली.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जनावराच्या सांध्याची सूज उतरवायचं एक इंजेक्शन असे. लंगडणारी म्हैस दुसऱ्या दिवशी चालायला लागायची. जानेवारीत एका दुपारी दवाखान्यात कुणी नसताना मी ते काढलं, अंदाजानं मात्रा कमी केली आणि स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी मूठ वळली. आठवडाभर मी गाणी म्हणत हिंडलो. सूज परत आली तेव्हा दुसरं घेतलं.

त्यानंतर मनगट जे फुगलं ते उतरलंच नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. पँट कमरेत ढिली झाली होती. मी पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं आणि कुणाला काही बोललो नाही.

आबांनी हात लावला नाही

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर असायचे. पुढं कालव्याच्या पाण्यावर जमीन भिजली, आम्ही शेतीला लागलो, आणि घरात वीस-पंचवीस मेंढरंच उरली. पण एक विद्या त्यांच्याजवळ राहिली. कोकराचा पाय मोडला की आबा नुसत्या बोटांनी हाड चाचपून जागेवर आणायचे आणि बांबूच्या चिपा लावून बांधायचे. माणसंही यायची, मुरगळलेला घोटा, निखळलेलं बोट घेऊन. आबा कुणाकडून काही घेत नसत.

मी त्यांच्यासमोर हात लपवत होतो. नोकरीवाला, शिकलेला मुलगा, आणि आबांनी चिपा बांधायच्या, हे मला नको होतं. पण एप्रिलमध्ये एका सकाळी तांब्या उचलताना तो हातातून निसटला. आबा समोरच बसले होते.

"आण हिकडं," ते म्हणाले.

त्यांनी माझं मनगट मांडीवर घेतलं. ओढतील, पिरगळतील म्हणून मी दात आवळून बसलो. त्यांनी तसं काही केलं नाही. उलट्या हाताची बोटं सुजेवर ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग कोपराच्या वरच्या बाजूला, मग काखेत चाचपलं. शेवटी दुसऱ्या मनगटावर हात ठेवून पाहिला.

"हे मोडल्यालं न्हाय. निखळल्यालंबी न्हाय," ते म्हणाले. "ह्यात ऊब हाय. असल्याला मी हात लावत न्हाय."

"मग काय हाय, आबा?"

"ते मला कळत असतं तर लावला असता की हात. उद्या बारामतीला जा. फोटो काढ. सुमनला संगं ने."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आवो, सगळ्या गावाची हाडं बसवता, पोराच्या हातावर नुसता पाला तरी बांधा."

"पाला बांधला तर त्यो पाल्याच्या भरवशावर आजून महिनाभर काढंल," आबा म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

मी पुष्कळ शिकलेल्या लोकांना ओळखतो. आपल्याला काय येत नाही हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. माझा हात वाचण्याची सुरुवात तिथून झाली असं मी मानतो.

फोटो

बारामतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काचेच्या दिव्यावर लावला आणि लगेच दुसरा, उजव्या हाताचा काढून आणायला सांगितला. दोन्ही शेजारी लावले. उजव्या मनगटातली लहान लहान हाडं नदीतल्या गोट्यांसारखी सुटी, रेखीव दिसत होती. डाव्या मनगटात ती एकमेकांत विरघळल्यासारखी. कडा नव्हत्या. मी जनावरांची हाडं पाहिलेली आहेत. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"काय काय औषधं घेतलीत?" डॉक्टरांनी विचारलं. ते पन्नाशीचे, हळू बोलणारे गृहस्थ होते.

मी लेप सांगितला, पट्टा सांगितला, गोळ्या सांगितल्या. तिथं थांबलो. सुमन आठ महिन्यांच्या राणीला कडेवर घेऊन माझ्या मागं उभी होती.

"जनावराचं इंजेक्शन घेतलंय त्यांनी," ती म्हणाली. "दोन वेळा. सुजंचं."

मी मागं वळून बघितलं नाही. तिला कसं कळलं? नंतर समजलं, शर्टाच्या खिशात दुसऱ्या खेपेची बाटली तशीच राहिली होती आणि धुताना तिच्या हाताला लागली होती. तीन महिने तिनं ते पोटात ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता झाडणार. पण ते तिच्याशी बोलले. "बरं झालं सांगितलंत. हे कळलं नसतं तर मी चुकीच्या वाटेला गेलो असतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्या इंजेक्शननं सूज दबते आणि आतला रोग मोकाट सुटतो. तुम्हाला हे माहीत असायला हवं होतं."

मला माहीत होतं. जनावरांच्या बाबतीत माहीत होतं.

त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की दोन शक्यता दिसतात. एक, हाडाचा क्षय. दुसरी, हाडातली गाठ, आणि ती वाईट असू शकते. मनगट उघडून तुकडा काढायचा आणि पुण्याला तपासायला पाठवायचा. गाठ निघाली तर पुढचं पुण्यातच बघावं लागेल.

"म्हणजे हात काढायचा?" मी विचारलं.

"आज त्यावर बोलू नये," ते म्हणाले. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

बाहेर बाकावर आम्ही राणीला दूध पाजायला बसलो. सुमन म्हणाली, "रागावलासा?"

"न्हाय."

"रागावलासा तरी चालंल. मी पुन्हाबी सांगंन."

दोघांत मिळून एक गडी

तुकडा काढल्यावर चार दिवस मला दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवर रशीदभाई होते, इंदापूरचे, सोलापूर रस्त्यावर ट्रक चालवणारे. ट्रकचं मागलं फळकूट निसटून त्यांच्या उजव्या दंडावर पडलं होतं. माझा डावा हात बोटांपर्यंत बांधलेला, त्यांचा उजवा गळ्यात.

पहिल्या सकाळी लेंग्याची नाडी बांधता येईना म्हणून मी भिंतीला टेकून खटपट करत होतो. लाज वाटत होती. रशीदभाई उठले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "एक टोक तुमी धरा, डॉक्टर, एक मी धरतो." दोन अनोळखी पुरुष, दोन हात, एक नाडी. गाठ बसली.

"बघा," ते म्हणाले, "तुमचा उजवा, माझा डावा. दोघांत मिळून एक गडी हाय."

मग आमचं तसंच चाललं. मोसंबं ते धरायचे, मी सोलायचो. टूथपेस्ट ते दाबायचे, ब्रश मी धरायचो. पाव तोडताना दोघांनी दोन बाजूंनी ओढायचा. नर्सबाई हसायच्या. सकाळी सहाला ताप बघायच्या, आठला चहा, दहाला डॉक्टरांची फेरी, दुपारी पंख्याखाली पडून बाहेरच्या एसटीच्या घंटा ऐकायच्या. दवाखान्यात वेळ जात नाही असं म्हणतात. माझा त्या चार दिवसांत तरी गेला.

फक्त एकदा रशीदभाईंनी विचारलं, "तुमाला भ्या कशाचं वाटतंय?"

मी म्हणालो, "हात गेला तर ढोरांच्या दवाखान्यात मला चिठ्ठ्या फाडायला बसवतील. गाईच्या पोटात वासरू हलतंय का, ते आता माझ्या बोटांना कळतं. ते पुन्हा कधी कळणार न्हाय."

त्यांनी मला 'काही होणार नाही' असं सांगितलं नाही. ते म्हणाले, "मला गियर टाकताना इंजिन काय म्हणतंय ते तळव्यात कळतं. कुणाला सांगितलं तर हसत्यात." आजारी माणसाला धीर देणारे पुष्कळ भेटतात. आपल्याला नेमकं काय गमवायचं आहे हे ज्याला कळतं, असा माणूस शेजारच्या खाटेवर असणं ही चैनच म्हणायची.

निकाल

अहवाल यायला दहा दिवस लागले. ते दहा दिवस मी आबांच्या मागं मेंढरांमागून चालत काढले. आबा बोलायचे नाहीत. तेच बरं होतं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि चष्मा काढला. "क्षय आहे," ते म्हणाले. "टीबी. गाठ नाही."

सुमन मटकन खुर्चीत बसली. मला हसू आलं. खरंच हसू आलं. क्षय झाला म्हणून आनंदानं हसलेला माणूस डॉक्टरांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला नसावा, कारण त्यांनी मला हसू दिलं.

मग त्यांनी नीट सांगितलं. छातीचा फोटो स्वच्छ आहे. रोग मनगटात आहे, थुंकीत नाही, त्यामुळं माझ्यापासून कुणाला लागणार नाही. दीड वर्ष गोळ्या, पहिले दोन महिने रोज इंजेक्शन, तीन महिने प्लास्टर. "बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात," ते म्हणाले. "तुम्ही सोडलीत तर मी हात वाचवू शकणार नाही. आणि मनगट पहिल्यासारखं वळणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. पण हात राहील."

"गाईकडून आला का माणसाकडून?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही. शोधत बसू नका."

बारामती स्टँडवर आम्ही भेळ खाल्ली. सुमननं राणीच्या तोंडात एक कुरमुरा घातला. लेकीनं तो थुंकला आणि आम्ही पुन्हा हसलो. इतकी चांगली भेळ मी नंतर कधी खाल्ली नाही.

घर

सुटका वाटली ती बसमध्ये, घरी पोचेपर्यंत. 'गाठ नाही' हे आमच्या दोघांच्या कानांनी ऐकलं होतं. गावानं 'टीबी' एवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्यासमोर वेगळं ताट आलं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, काठाला पोचे आलेलं. ते आईनं वाढलं होतं. ती माझ्याकडं बघत नव्हती. मी चार घास खाल्ले आणि उठलो. तिला बोललो नाही, कारण तिच्या धाकट्या बहिणीला तिनं क्षयानं जाताना पाहिलं होतं. डॉक्टर काय म्हणाले यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं माणसाला खरं वाटतं.

एका शेतकऱ्यानं अंगणातूनच हात जोडले. "डॉक्टर, राग मानू नका. दुधाचं जनावर हाय. साहेबांना पाठवा." त्याच्यावरही रागावता आलं नाही. क्षयाच्या गाईबद्दल मीच त्याला हेच सांगितलं असतं.

आठवड्यानं सुमनचा भाऊ दत्तू सांगवीहून आला. चहा घेतला, उसाचं बोलला, आणि मग जमिनीकडं बघत म्हणाला, "दाजी, ताईला आन् पोरीला चार दिस घिऊन जातो. पोर ल्हान हाय."

मी म्हणालो, "ने."

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी 'नको' म्हणावं अशी तिची इच्छा होती का, 'जा' म्हणावं अशी, मला आजही कळलेलं नाही. ती गेली. चार दिवसांचे बारा झाले. आयुष्यातले सगळ्यात वाईट बारा दिवस ते होते, तुकड्याच्या अहवालाच्या दहा दिवसांपेक्षाही वाईट. तिच्यावर, दत्तूवर, सगळ्यांवर मी मनात चिडत होतो. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या हातानं दाढी करताना गाल ताणायला कुणी नाही.

तेराव्या दिवशी दुपारी ती एकटीच एसटीनं आली. काखेत राणी, हातात पिशवी. पिशवी खाली ठेवून म्हणाली, "बारामतीला उतरले हुते. डॉक्टरांकडं जाऊन आले."

"कशापायी?"

"इचारायला. त्या दिवशी ते तुमच्याशी बोलले. आईनं, दत्तूनं इचारलं की मला नीट सांगता येईना. म्हणून परत जाऊन इचारलं. पोर त्यांच्यापाशी निजली तर चालंल का. एका ताटात जेवली तर. मुका घेतला तर. सगळं इचारलं."

"काय म्हणले?"

"व्हय म्हणले. सगळ्याला." मग ती आत गेली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, ते पोचकं ताट कोंबड्यांना पाणी ठेवायला घेते."

आईनं ताट स्वतःच नेऊन कोंबड्यांपाशी ठेवलं.

मी मात्र सुमनशी दोन दिवस बोललो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. ती माझ्यासाठी परत आली होती आणि मी ती गेली होती तेवढंच धरून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी राणी रांगत येऊन माझ्या प्लास्टरवर चढली, त्यावर दोन्ही हातांनी थापा मारायला लागली. सुमन घाईनं उचलायला आली. "राहू दे," मी म्हणालो. तेवढ्या दोन शब्दांनी आमचं बोलणं सुरू झालं.

सुई

रोजचं इंजेक्शन आरोग्य केंद्रातल्या सिस्टर द्यायच्या. औषध पाहिलं आणि मी ओळखलं. गाईची कास सुजली की मी जे टोचत होतो त्यातलंच एक. आता ते माझ्या कमरेत जात होतं, आणि गाई लाथा का झाडतात तेही कळलं.

रविवारी केंद्र बंद असे. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच घ्या टोचून. तुमचं कामच आहे." पण एक हात प्लास्टरमध्ये, आणि आधीच्या दोन इंजेक्शनांनंतर मी स्वतःला टोचणार नाही असं ठरवलं होतं. मग सुमनला शिकवलं. कच्च्या पपईवर. हवा कशी काढायची, सुई सरळ कशी घालायची, दट्ट्या जरा मागं ओढून रक्त येत नाही ना ते कसं बघायचं. पहिल्या रविवारी तिनं दोनदा हवा काढली आणि मग सुई घातली.

"दुखलं का?"

"पपईला इचार."

ती इतकी हसली की आई बाहेरून बघायला आली.

गोळ्या पहाटे उपाशीपोटी घ्यायच्या होत्या. सात गोळ्या. साडेपाचला सुमन पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी यायची. मी उठायचो, एकेक गिळायचो, ती मोजायची. लघवी केशरी व्हायची, त्याला पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. चौथ्या महिन्यात मला इतकं बरं वाटायला लागलं की एका पहाटे मी म्हणालो, "आज राहू दे." तिनं काही वाद घातला नाही. तांब्या धरून उभी राहिली. राणी उठून रडायला लागली तरी उभी राहिली. मी गिळल्या. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तुमच्या घरात असं कुणी नसेल, तर शेजारच्या माणसाला सांगा. एकट्याच्या निश्चयावर दीड वर्ष निघत नाही. माझ्या तरी निघालं नसतं.

उजवा हात शाळेत

प्लास्टर काढलं तेव्हा आतून जो हात निघाला तो माझा वाटत नव्हता. बारीक, पांढुरका, खपल्या धरलेला. मनगट वळेना. गरम पाण्यात हात ठेवून बोटं हलवायची, कणकेचा गोळा दाबायचा, ओला पंचा पिळायचा. पंचा पिळता यायला सहा आठवडे लागले.

जानेवारीत मी मनगटाला पट्टी बांधून कामावर गेलो. साहेब समजूतदार होते. ते म्हणाले, "डावा चालत नसेल तर उजवा शिकव." मी हसलो, पण दुसरा इलाज नव्हता. उजवा हात आत आणि नळी डाव्यात. एवढ्या वर्षांच्या कामानंतर मी पुन्हा पहिलीत बसलो. उजव्या हाताला आत काहीच ओळखू यायचं नाही. गाई वैतागायच्या. किती गाई गाभण न राहता उलटल्या आणि पुन्हा भरवाव्या लागल्या ते मी सांगत नाही.

मग एका सकाळी, ऊसतोडीच्या दिवसांत, एका म्हातारीच्या गोठ्यात गाभण गाय तपासत होतो. उजवा हात आत होता. बोटांच्या टोकांशी काहीतरी लहान, टणक सरकलं. वासराचा खूर. मी जागच्या जागी थांबलो. ते पुन्हा सरकलं.

"हाय का?" म्हातारीनं विचारलं.

"हाय. हलतंय," मी म्हणालो. माझा आवाज फाटला असावा, कारण तिनं विचारलं, "पयल्यांदाच बघताय व्हय?"

"ह्या हातानं पहिल्यांदाच," मी म्हणालो. तिला ते काही कळलं नाही आणि मीही समजावत बसलो नाही.

गोळ्या थांबल्या

चौऱ्याण्णवच्या दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी शेवटचा फोटो काढला. मनगटातली दोन-तीन हाडं एकमेकांना जुळून गेली होती, पण कडा आता स्पष्ट होत्या. त्यांनी माझं मनगट वाकवून पाहिलं. निम्मं वाकतं. आजही निम्मंच वाकतं. "रोग गेला," ते म्हणाले. "गोळ्या बंद. सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवा."

घरी येऊन मी सांगितलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. सुमन भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. जरा वेळानं म्हणाली, "मग उद्या पहाटं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दोघांनाही आपोआप जाग आली. गोळ्या नव्हत्या. आम्ही उंबऱ्यात येऊन बसलो. राणी आत झोपली होती. कालव्याकडून गार वारा येत होता, आणि आम्हाला करण्यासारखं काहीच नव्हतं. सुमननं माझा डावा हात मांडीवर घेतला आणि नुसता धरून ठेवला.

आबा गोठ्याकडून आले. आम्हाला तसं बसलेलं बघून थबकले.

"काय झालं?"

"काय न्हाय, आबा."

"मग बसलायस कशापायी? गाय पान्हावलीय. धार काढ जा."

दीड वर्षात मला घरात कुणी काम सांगितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी आण म्हटलं नव्हतं. मी उठलो, बादली घेतली आणि गाईखाली जाऊन बसलो. उजवा हात सरावाचा होता. डाव्याची धार बारीक आणि तिरकी गेली, निम्मी बादलीत, निम्मी माझ्या पायावर. दूध कोमट होतं. मी पाय बाजूला घेतला नाही.